'कर्ता अज्ञात' : निवडणूक-गुन्ह्यांचे कागद आणि मराठी राजकीय कादंबरी

जुन्या हस्तलिखितांच्या सूचीत पुष्कळ नोंदींपुढे 'कर्ता अज्ञात' असा शेरा असतो. पोलिसांच्या प्रथम खबरीतही पुष्कळदा 'अज्ञात इसम' भेटतो. शब्द एकच, पण दोन्हींचे काम वेगळे. सूचीकाराचा शेरा पुढच्या अभ्यासकाला सांगतो, की बाबा, येथून शोध सुरू कर. प्रथम खबरीतला शेरा मात्र अनेकदा शोध तेथेच थांबल्याची खूण होऊन बसतो. मतदार यादीतील कथित गैरप्रकारांवरून अलीकडे जे फौजदारी गुन्हे नोंदवले गेले, त्यांच्याविषयी आयोग, पोलीस आणि प्रशासन यांनी जे जे जाहीर केले ते वाचत असताना हा फरक माझ्या मनातून जाईना. त्याच काळात मी मराठी राजकीय कादंबऱ्या पुन्हा वाचत होतो. दोन्ही वाचने एकमेकांत मिसळली आणि त्यातून प्रस्तुत लेख झाला.

मी मराठीचा प्राध्यापक नाही आणि वकीलही नाही. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी राहून, हाती लागेल ते पुस्तक आणि हाती लागेल तो सरकारी कागद वाचत आलो. त्यामुळे कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मी सांगत नाही. पण कागद हाही एक मजकूर असतो. त्याला निवेदक असतो, पात्रे असतात, आणि कोणाला नाव द्यायचे व कोणाला नाही याची निवडही असते. ही निवड तपासणे हे समीक्षेचेच काम आहे, असे मी धरून चाललो आहे.

१

आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघापासून सुरुवात करतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर महिन्यात, तेथे नवीन मतदार नोंदणीसाठी नमुना ६ चे हजारो ऑनलाइन अर्ज अचानक आले. प्रशासनाने छाननी केली. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर सापडत नव्हते, आवश्यक पुरावे जोडलेले नव्हते. साडेसहा हजारांहून अधिक अर्ज अवैध ठरवून फेटाळण्यात आले आणि राजुरा पोलीस ठाण्यात अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. २० नोव्हेंबरला मतदान झाले. भाजपचे देवराव भोंगळे यांनी काँग्रेसचे सुभाष धोटे यांचा ३,०५४ मतांनी पराभव केला.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की मनात लगेच एक गोष्ट तयार होते. २०२५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर ती सांगितलीही गेली. पण वाचकाने येथे थांबले पाहिजे. प्रशासनाच्या म्हणण्याप्रमाणे हे अर्ज यादीत जाण्याआधीच पकडले गेले. फेटाळलेला अर्ज मतदान करू शकत नाही. म्हणजे या अर्जांनी निकाल फिरवला, असे या कागदावरून सिद्ध होत नाही. ज्याला ते सिद्ध करायचे असेल त्याला दुसरा पुरावा आणावा लागेल. परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. हजारो खोटे अर्ज आपोआप तयार होत नाहीत. कोणी तरी बसून नावे जुळवली, पत्ते घातले, अर्ज दाखल केले. त्याला वेळ लागला, यंत्र लागले, बहुधा पैसाही लागला. चोर घरात शिरण्याआधी कडी वाजली म्हणून चोरीचा प्रयत्न नाहीसा होत नाही. प्रश्न निकालाचा नसून कर्त्याचा आहे.

आणि कर्ता अज्ञात आहे.

२

कायद्याने हा कर्ता कधी डोळ्यांसमोर आणला होता का, हे पाहू. निवडणुकीतील गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात १९२० साली आले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मताधिकार थोडा रुंदावला, तेव्हा भारतीय दंड संहितेत ९-अ हे प्रकरण घालण्यात आले. लाच, गैरवाजवी दडपण आणि तोतयेगिरी हे त्यातील मुख्य गुन्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच मांडणी जवळपास तशीच पुढे आली आहे. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदान केंद्र बळकावण्याचा स्वतंत्र गुन्हा आला.

या सगळ्या गुन्ह्यांचे एक साम्य आहे. प्रत्येकात माणूस माणसासमोर उभा आहे. लाच देणारा हात आणि घेणारा हात. धमकी देणारा आणि भिणारा. दुसऱ्याच्या नावाने रांगेत लागलेला तोतया आणि त्याला ओळखणारा पोलिंग एजंट. काठ्या घेऊन आलेली टोळी. हा सगळा गावाच्या चावडीवर घडणारा गुन्हा आहे. डोळ्यांनी दिसणारा, साक्षीदार असलेला.

यादीविषयीचा गुन्हा मात्र दुसऱ्या कायद्यात, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कोपऱ्यात पडून आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे यादीसाठी खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ यादीचे काम करणाऱ्या अधिकाऱ्याने कर्तव्यात कसूर केल्यास लागते. तेथे किमान तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. ही शिक्षा कमी की जास्त, हा माझा मुद्दा नाही. मला दिसते ते असे, की कलम ३१ लिहिणाऱ्याच्या मनात एक माणूस, एक कागद आणि एक सही होती. एका खोलीत बसून हजारो माणसांच्या नावाने अर्ज करणारा कोणी असेल, हे त्या वेळी कल्पनेतही नव्हते. गुन्ह्याचे रूप बदलले, पण त्याचे चित्र जुनेच राहिले.

३

कायद्याचे हे झाले. मराठी कादंबरीने तरी हा माणूस पाहिला का?

आपली राजकीय कादंबरी म्हटले की पहिले नाव अरुण साधू यांचे. 'मुंबई दिनांक' आणि १९७७ ची 'सिंहासन' या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला सत्तेची आतली बाजू दाखवली. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, उद्योगपती आणि हे सगळे पाहत हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस. या कादंबऱ्यांचे मोठेपण मी नव्याने सांगायला नको. पण त्यांत सत्ता म्हणजे खुर्ची, आणि खुर्ची डळमळते ती आमदारांच्या फोडाफोडीने. ज्या मतांवर हे आमदार निवडून आले, ती मते कादंबरी सुरू होण्याआधीच पडून गेलेली आहेत. जब्बार पटेल यांच्या 'सामना' चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात सहकारसम्राट आहे, त्याच्यासमोर उभा ठाकलेला मास्तर आहे आणि मारुती कांबळे नावाचा नाहीसा झालेला माणूस आहे. एका नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा प्रश्न सगळ्या गावाला पुरून उरतो. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट'ने तर स्वातंत्र्य चळवळीपासून पुढच्या काही दशकांतील ग्रामीण सत्ताकारणाचा विस्तीर्ण पट मांडला.

या सगळ्या कृतींत खलपुरुषाला चेहरा आहे. आवाज, मिशी, वाडा, कारखाना, सगळे आहे. वाचकाला त्याचा राग करता येतो, आणि मनातून थोडे कौतुकही वाटते. नाही तो फक्त कागद. मतदार यादी कोण करतो, नाव कसे चढते, कसे उतरते, आक्षेपाचा नमुना ७ कोण भरतो, याचे चित्रण या परंपरेत मला जवळजवळ दिसले नाही. आपल्या राजकीय कल्पनेने बाहुबली पाहिला, पण कारकून पाहिला नाही. म्हणूनच खोट्या अर्जांची बातमी आली की आपण लगेच त्यामागे एखादा ओळखीचा हिंदुराव शोधू लागतो. आणि तो सापडला नाही तर काही घडलेच नाही असे म्हणून पान उलटतो.

४

राजुऱ्याच्या 'अज्ञात'शेजारी दुसरी एक प्रथम खबर ठेवली की निवडीचा प्रश्न अधिक टोकदार होतो. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस मतदारसंघात २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तम जानकर निवडून आले. परंतु त्या मतदारसंघातील मारकडवाडी या गावात त्यांना ८४३ आणि भाजपचे राम सातपुते यांना १,००३ मते पडली. जानकरांच्या समर्थक गावकऱ्यांना हा आकडा पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच मतपत्रिका छापून पडताळणी मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, मोठा पोलीस बंदोबस्त आला आणि गावकऱ्यांनी मतदान मागे घेतले. आमदारांसह गावकऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले.

कायद्याच्या बाजूने बोलायचे तर प्रशासनाचे म्हणणे समजण्यासारखे आहे. मतदान घेण्याचा अधिकार कोणाही गावाला नाही. उद्या प्रत्येक हरलेला उमेदवार अशी पेटी मांडू लागला तर निवडणूक हा शब्दच उरणार नाही. शिवाय एखाद्या गावात विजयी उमेदवार मागे पडणे, यात अघटित काही नाही. पहिल्या मतदानानंतर पंधरा दिवसांनी, सगळ्यांचे डोळे लागलेले असताना झालेले दुसरे मतदान पहिल्याची पडताळणी करूही शकले नसते.

एवढे मान्य करूनही वाचक म्हणून एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. जेथे माणसे उघड्या मैदानात, आपल्या नावानिशी, चुकीच्या मार्गाने का होईना पण शंका विचारायला उभी राहिली, तेथे कागदावर आरोपींची नावे आली. जेथे हजारो अर्ज अंधारात केले गेले, तेथे नाव आले नाही. हे कोणी ठरवून केले, असा माझा आरोप नाही. दिसणाऱ्याला पकडणे सोपे असते, इतकेच. परंतु अशा दोन कागदांतून सामान्य माणसाला जो धडा मिळतो तो वाईट आहे. प्रश्न विचारशील तर तुझे नाव लिहिले जाईल, लबाडी करशील तर तू अज्ञात राहशील.

५

अज्ञात कर्त्याला नाव देण्याचा एक प्रयत्न मात्र आपल्या सीमेपलीकडे झाला आहे. अक्कलकोटहून पुढे कर्नाटकात गेले की कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद लागते. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी तेथे नावे वगळण्यासाठी नमुना ७ चे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यातील २४ खरे निघाले. ५,९९४ फेटाळले गेले. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला.

पुढची दोन-अडीच वर्षे वादात गेली. अर्ज ज्या यंत्रांवरून आले त्यांची पुरेशी तांत्रिक माहिती मिळत नाही, अशी तपास यंत्रणेच्या बाजूची तक्रार होती. आयोगाचे म्हणणे असे, की उपलब्ध माहिती सप्टेंबर २०२३ मध्येच पोलीस अधीक्षकांना दिली होती, आणि ऑनलाइन अर्ज केल्याने कोणाचेही नाव परस्पर वगळले जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने विशेष तपास पथक नेमले. पथकाच्या म्हणण्यानुसार हे काम कलबुर्गीतील एका डेटा सेंटरमधून झाले आणि एका अर्जामागे ८० रुपये दिले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये माजी आमदारासह सात जणांवर आरोपपत्र दाखल झाले. आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे. ही राज्य सरकारची बाजू आहे, ती न्यायालयात तपासली जायची आहे, आणि आरोपींना आपली बाजू मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. दोन्ही बाजूंचे पक्ष वेगळे आहेत हेही विसरता कामा नये.

पण मजकूर म्हणून पाहिले तर येथे काही तरी नवे घडले आहे. पहिल्यांदाच या गुन्ह्याच्या गोष्टीत फक्त पुढारी नाही. दलाल आहे, संगणकावर बसणारा आहे, दुसऱ्यांच्या मोबाइल क्रमांकांचा बाजार आहे, आणि कामाची मजुरी आहे. ८० रुपये. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे किती द्यायचे यावरून बांधावर घासाघीस होते. तशीच ही मजुरी, मोजून दिलेली. माणसाचे नाव यादीतून काढण्याचा अर्ज हे येथे तुकड्यांवर मिळणारे काम झाले. बाहुबलीच्या दंतकथेपेक्षा हा ८० रुपयांचा तपशील मला अधिक भयंकर वाटतो, आणि कादंबरीकारालाही तो अधिक उपयोगाचा आहे.

आळंदमध्ये हा प्रकार उघडकीस आला तोही असाच साध्या रीतीने. जाहीरपणे जी हकीगत सांगितली गेली त्यानुसार एका मतदान केंद्रस्तरीय अधिकारी बाईंना आपल्याच नातेवाइकाचे नाव वगळण्याचा अर्ज दिसला. अर्ज ज्या शेजाऱ्याच्या नावाने होता, त्याला त्याचा पत्ताच नव्हता. सहा हजार नावांतून एक नाव ओळखीचे निघाले आणि सगळे प्रकरण उलगडू लागले. यंत्राला प्रत्येक नाव सारखे. ओळखणारा वाचक मात्र त्या एका नावावर अडखळला.

६

मराठी अभ्यासकाला हे अडखळणे नवे नाही. पाठचिकित्सा म्हणजे दुसरे काय? 'लीळाचरित्रा'च्या पोथ्या शेजारी ठेवून, पाठभेद तपासून, कोणता भाग कोणाच्या हातचा हे ठरवणारी एक विद्या आपल्याकडे आहे. तीच विद्या निवडणुकीच्या कागदाला लागू पडते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडून गेले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकरमधून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्या काळात वेगवेगळ्या वृत्तपत्रांत त्यांच्या स्तुतीचा तोच मजकूर जसाच्या तसा छापून आल्याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी लक्ष वेधले. तीन स्पर्धक वृत्तपत्रांचे तीन लेखक एकच वाक्यरचना कशी करतील, हा त्यांचा प्रश्न निव्वळ समीक्षकाचा प्रश्न होता. ते प्रकरण फौजदारी खटल्यापर्यंत गेले नाही. निवडणूक खर्चाचा हिशेब योग्य रीतीने दिला नाही, असा आदेश आयोगाने जुलै २०१४ मध्ये दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला. म्हणजे मजकुरातील साम्य दिसणे आणि त्यामागचा व्यवहार न्यायालयात टिकणे, यांत मोठे अंतर आहे. तरीही पेड न्यूज हा शब्द मराठी घराघरात गेला तो त्या पाठतुलनेमुळे.

या विद्येचा दुसरा नियम पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक पाठभेद म्हणजे प्रक्षेप नव्हे. लेखनिकाचा हातही चुकतो. मतदार यादीत तर हा भेद फारच जपून करावा लागतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव सासरच्या यादीत चढते आणि माहेरच्या यादीतून उतरायचे राहते. कागदावर ती दुबार मतदार ठरते, पण तिने लबाडी केलेली नसते. खेड्यात घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा आडवी रेघ असते, कारण घराला क्रमांकच नसतो. आमच्या तालुक्यात बेंबळा प्रकल्पामुळे गावे उठून दुसरीकडे बसली. पत्ता बदलला, माणसे तीच राहिली. हंगामात कामासाठी बाहेर गेलेले कुटुंब पडताळणीच्या दिवशी घरी सापडत नाही. 'पत्त्यावर आढळला नाही' हा शेरा एखाद्या बोगस अर्जावर जितका खरा असतो, तितकाच तो त्या मजुराच्या बाबतीत अन्यायाचा असू शकतो. चूक आणि लबाडी कागदावर अगदी सारख्या दिसतात. त्यांच्यातला फरक कळतो तो फक्त कर्त्याचा माग काढल्यावर. म्हणूनच 'अज्ञात' या शब्दावर समाधान मानणे दोन्ही बाजूंनी महाग पडते. खरा गुन्हेगार सुटतो, आणि निरपराध मतदाराकडे संशयाने पाहिले जाते.

७

मराठी कादंबरीने कारकून पाहिला नाही, असे मी वर म्हटले. त्याला एक ठळक अपवाद आहे आणि तो आमच्या वऱ्हाडातलाच आहे. रमेश इंगळे उत्रादकर यांची २००५ मधील 'निशाणी डावा अंगठा'. तिचा विषय निवडणूक नसून साक्षरता अभियान आहे. पण वरून आलेले उद्दिष्ट, खाली भरावे लागणारे तक्ते, त्यांत पिचलेले गुरुजी, आणि प्रत्यक्षात काहीच न घडता कागदावर पूर्ण होत जाणारे अभियान, याचे असे चित्रण मराठीत दुसरे नसेल. या कादंबरीत कोणी खलपुरुष नाही. सगळे थोडे थोडे खोटे लिहितात, आणि त्या थोड्या थोड्याची बेरीज म्हणजे एक संपूर्ण खोटा जिल्हा. वाचक हसतो, पण त्या गुरुजींपैकी प्रत्येकाला आपण ओळखतो हे त्याच्या लक्षात येते.

हेच गुरुजी निवडणुकीत मतदान केंद्रस्तरीय अधिकारी होतात. त्यांच्या जोडीला अंगणवाडी सेविका असतात. वर्षभराचे काम सांभाळून घरोघर फिरतात, कोण मेले, कोण परणून आले, कोण पोट भरायला पुण्याला गेले हे टिपतात. लोकशाहीच्या या सर्वांत मोठ्या ग्रंथाचे पहिले वाचक तेच, आणि बऱ्याचदा शेवटचेही. गुन्हा उघडकीस येतो तो त्यांच्या ओळखीने. आणि कसूर ठरली तर कलम ३२ लागते तेही आधी त्यांनाच. वरच्या खोलीत बसून अर्ज करणारा त्यांना कधी दिसत नाही.

इंगळे यांनी साक्षरतेच्या कागदाचे जे केले, ते मतदार यादीच्या कागदाचे करणारी कादंबरी मराठीत अजून यायची आहे. तिच्यात मुख्यमंत्री नसला तरी चालेल. नमुना ६ आणि ७ असावेत, ८० रुपयांचा हिशेब असावा, माहेर-सासरच्या दोन याद्यांत अडकलेली बाई असावी, आणि नाव ओळखून अडखळणाऱ्या बाई असाव्यात. तपास करणाऱ्यांकडून माझी अपेक्षा याहून वेगळी नाही. राजुऱ्यातील अर्ज फेटाळले गेले, हे चांगलेच झाले. पण ते कोणी भरले हे कळेपर्यंत ती नोंद पुरी झाली, असे अभ्यासक म्हणून मला म्हणता येत नाही. पुरावे हाताशी ठेवण्याची मुदत या कामात फार मोलाची आहे. निवडणूक याचिकेला कायद्याने निकालापासून ४५ दिवस दिले आहेत, आणि मतदान केंद्रावरील चित्रीकरणही तेवढेच दिवस ठेवावे असे आयोगाने मे २०२५ मध्ये कळवले. हस्तलिखितांच्या अभ्यासात कर्ता सापडायला कधी कधी शंभर वर्षे लागतात, कारण पोथी जपलेली असते. येथे पोथी जपली नाही तर 'कर्ता अज्ञात' हा शेरा कायमचा होईल, आणि मग जिंकलेल्यावरचा संशय खोटा असला तरी त्याला तो पुसता येणार नाही.